धूर येत नाही, सेल्फ मात्र जोरात फिरतो

प्रश्न:
दादा नमस्कार, मी इंदूरला राजेंद्र नगरात राहते. आमचा घरगुती मसाले-पापडांचा धंदा आहे. सासऱ्यांनी २००८ साली घेतलेला डिझेल पिकअप अजून चालवतोय, जुना साधा पंपवाला. दर शनिवारी ड्रायव्हर काका माल घेऊन बडवाह-सनावदला जातात. गेले दोन महिने सकाळी गाडी सुरूच होत नाही. सेल्फ जोरात फिरतो, पण मारून मारून दमायला होतं, मग दहा-पंधरा मिनिटांनी एकदाची धडधडते आणि नंतर दिवसभर एका चावीत. आधी बॅटरी नवी टाकली, मग सेल्फ रिपेअर केला, १४ हजार गेले, फरक शून्य. आता मिस्त्री म्हणतो इंजिनला डिझेल पोचवणारा पंप उतरवून कॅलिब्रेशन करावं लागेल, त्याचे २० हजार वेगळे. गंमत म्हणजे गाडी रात्री गोदामात उभी असली की सकाळी बरी सुरू होते. घरासमोर गल्लीत जागा नाही म्हणून पुढची चाकं रॅम्पवर चढवून लावतो, तिथे असली की हमखास त्रास. शिवाय भेरूघाट चढताना इंजिनच्या गरमीचा काटा वर जातो, मागे एकाने थर्मोस्टॅट वॉल काढून टाकला तरी तेच. काका घाट उतरताना न्यूट्रल करतात, म्हणतात डिझेल वाचतं. मला यातलं काही कळत नाही आणि मला कळत नाही हे मिस्त्रीला कळतं. गाडी विकून टाकू का?

उत्तर:
ताई, तुम्हाला काही कळत नाही असं म्हणता आणि रोगाचं निदान पत्रातच लिहून पाठवता. रॅम्पवर त्रास, गोदामात नाही. हे मिस्त्रीला सांगितलंत का? नसेल सांगितलं, कारण त्याने विचारलंच नसणार. आपल्याकडे गाडी बोनेट उघडूनच बघतात, रात्री कुठे आणि कशी उभी होती हे कोणी विचारत नाही.

आता बघा काय होतंय. डिझेलची टाकी मागे खाली चेसिसला, फिल्टर आणि पंप पुढे इंजिनजवळ वर. पुढची चाकं रॅम्पवर चढवली की पुढचा भाग आणखी वर जातो. रात्रभरात पाईपमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं आणि त्या जागी हवा भरते. आता ते असं उतरायला नको, पण कुठेतरी बारीक फट असली, एखादा रबरी पाईप कडक होऊन चिरला असेल किंवा क्लिप सैल असेल, तर हवा आत येते आणि डिझेलला मागे जायला वाट मिळते. स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने दाबून धरलं की सरबत आत राहतं, बोट सोडलं की खाली, तसंच. मग सकाळी पंप डिझेलऐवजी हवा ढकलत बसतो. दहा-पंधरा मिनिटं सेल्फ मारल्यावर ती हवा निघून जाते, डिझेल येतं, गाडी सुरू. आणि दिवसभर तासा-दोन तासाच्या थांब्यात एवढं डिझेल उतरत नाही म्हणून एका चावीत सुरू. मिस्त्री लोकांच्या भाषेत याला गाडी एअर घेते म्हणतात. शंभरातल्या शंभर वेळा हेच असेल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण २० हजार काढायच्या आधी १० मिनिटांची परीक्षा तरी घेऊन बघा ना.

परीक्षा अशी. सकाळी काकांना सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही सायलेन्सरच्या मागे उभ्या राहा, जरा बाजूला. सेल्फ जोरात फिरतोय आणि मागून धूर अजिबात येत नाहीये, म्हणजे सिलेंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर भसाभस येतोय पण इंजिन पकडत नाही, म्हणजे डिझेल पोचतंय पण जळत नाही. तसं असेल तर मग हीटर प्लग असतील तर ते, कॉम्प्रेशन, नोझल, टायमिंग ही सगळी मंडळी बघायची. ही एक गोष्ट बघितली की अर्धे संशयित बाद होतात.

धूर नाही ना? मग पुढची पायरी. डिझेल फिल्टरच्या डोक्यावर किंवा पंपाच्या बाजूला हाताने दाबायचा एक छोटा पंप असतो, काकांना नक्की माहीत असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारायच्या आधीच तो दाबायला लागा. पहिल्यांदा पोकळ लागेल, फसफस होईल, २०-३० वेळा दाबला की कडक होतो. कडक झाला की चावी फिरवा. गाडी पटकन सुरू झाली तर केस संपली ताई, हवाच आहे, तुमचा पंप ठणठणीत आहे आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. आणि पहिल्याच दाबाला कडक लागला तरी गाडी सुरू होत नसेल तर हवा नाही. मग चावी ऑन केल्यावर पंपाजवळून बारीक टक असा आवाज येतो का ऐका, कारण काही गाड्यांत डिझेल बंद-चालू करणारा विजेचा वॉल असतो आणि त्याची वायर सैल झाली तरी अगदी हीच लक्षणं.

हवा कुठून येते हे शोधणं मात्र जरा चिकाटीचं काम आहे आणि इथेच मिस्त्री कंटाळून पंपावर बिल फाडतात. अडचण अशी की टाकीपासून पंपापर्यंतचा पाईप ओढणारा असतो, तिथे फट असली तरी डिझेल टपटप गळत नाही, उलट चालू गाडीत हवा आत ओढली जाते. म्हणून खाली डाग नाही, मग गळती नाही, असा निष्कर्ष चुकतो. फार तर जॉइंटभोवती ओलसर धूळ चिकटलेली दिसेल. साधी युक्ती ही की फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक पाईप तात्पुरता बसवायचा, डिझेलला चालेल असाच, आणि इंजिन चालू करून बघायचं, बुडबुडे दिसले की हवा मागून येतेय. मग टाकीकडून एकेक जॉइंट तपासत यायचं. रबरी पाईप वाकवून चिरा बघा, १७-१८ वर्षांचं रबर म्हणजे लाकूडच झालेलं असतं, सगळे एकदम बदलून टाका. क्लिपा नव्या. पाईप जिथे बोल्टने आवळलेला असतो तिथले तांब्याचे वॉशर नवे, जुनेच परत लावू देऊ नका, फिल्टरचा रबरी रिंग बघा, आणि तो हाताने दाबायचा पंपसुद्धा बघा, पुष्कळदा त्याचाच आतला पडदा फाटलेला असतो म्हणजे चोर पोलिसाच्याच घरात. हे सगळं सामान मिळून पंपाच्या कॅलिब्रेशनच्या पासंगालाही पुरणार नाही.

एक सांगून ठेवतो, हे सगळं तुमच्या जुन्या साध्या पंपाच्या गाडीला. नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत पाईपमधला दाब १,००० बारच्या वर जातो, तिथे चालू इंजिनात पाईप सैल करायला गेलं तर डिझेलची धार कातडीत घुसते, थट्टा नाही. तुमचं वाचून शेजाऱ्याने त्याच्या नव्या गाडीवर प्रयोग करू नये.

फिल्टरचं निघालंच आहे तर, त्याच्या तळाशी एक स्क्रू असतो, पाणी काढायचा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा तो सैल करून पाव लिटर डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. पाणी असेल तर खाली बसलेलं सरळ दिसतं, डिझेल हलकं असतं ना. टाकी रात्री अर्धी रिकामी ठेवण्याची सवय असेल तर आतल्या हवेतली वाफ थंड होऊन हे पाणी होतं, म्हणून पावसाळ्यात संध्याकाळीच टाकी भरा.

बॅटरी आणि सेल्फचे १४ हजार गेले ते गेले. पण पुढच्या वेळी ३००-४०० रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा, मसाल्याच्या वजनकाट्याइतकाच तो धंद्याचा आहे. सकाळी गाडी बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्टच्या पुढे दिसलं की बॅटरी भरलेली आहे, सेल्फ मारताना १० च्या फार खाली जायला नको, आणि इंजिन चालू झालं की १३.८ ते १४.५ च्या मधे, म्हणजे अल्टरनेटर चार्ज करतोय. तीन आकडे, दोन मिनिटं. सेल्फ जोरात फिरत होता असं तुम्ही स्वतः म्हणताय, मग बॅटरी आणि सेल्फ बदलायचं कारणच काय होतं? हां, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, म्हणजे पाना बॉडीला लागून ठिणगी उडत नाही. आणि काकांना सांगा की सेल्फ एका दमात १०-१५ सेकंदांच्या वर मारायचा नाही, मधे मिनिटभर थांबायचं, नाहीतर नवा केलेला सेल्फ पुन्हा जळेल.

आता भेरूघाट. बडवाहकडून परत येताना निमाडातून माळव्याच्या पठारावर चढायचं, मे महिन्यात खाली ४३-४४ ची भट्टी, गाडी दुसऱ्या गियरमधे रांगतेय, समोरून वारा नाही, म्हणजे इंजिन पूर्ण ताकद लावतंय आणि थंड करायला एकटा पंखा. तेव्हा काटा थोडा वर जाणं साहजिक, लाल पट्टीत जाणं नाही. आणि थर्मोस्टॅट वॉल काढून टाकला हे ऐकून कपाळावर हात मारला. तो वॉल साधारण ८२ अंशाला उघडतो, त्याच्याआधी पाणी इंजिनमधेच फिरवतो म्हणजे इंजिन लवकर गरम होतं. काढून टाकला की थंडीत इंजिन कधीच नीट तापत नाही, डिझेल जास्त पितं, झीज वाढते. आणि बऱ्याच इंजिनांत तोच वॉल पूर्ण उघडल्यावर बायपासचा रस्ता बंद करत असतो, तो नसला की गरम पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधून परत इंजिनात, म्हणजे औषधानेच आजार वाढतो. नवा बसवा. बसवायच्या आधी घरीच पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडून बघा उघडतो का, तुमच्या स्वयंपाकघरात पातेल्यांची काय कमी. फक्त ते पातेलं मग परत मसाल्याला वापरू नका.

पण मूळ कारण बहुतेक रेडिएटरची जाळी आहे. पुढून टॉर्च मारून बघा. निमाड म्हणजे कापूस, सीझनमधे रस्त्यावर तंतू उडतात, इकडे माळव्यात मार्च-एप्रिलला गव्हाचा भुसा, शिवाय किडे. हे सगळं जाळीत जाऊन बसतं, वर धूळ, त्यावर कुठेतरी गळणारं ऑइल, नमदाच तयार होतो. गाडी थंड असताना पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारा, साध्या पाईपने, कार वॉशवाल्याचं जेट जवळून मारलंत तर पाती आडवी होतील. मग पट्टा बघा, मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण सेंटीमीटरभर दबायला हवा. मग रेडिएटरचं ढक्कन. हे शे-दोनशे रुपयांचं ढक्कन लोक विसरतात. इंदूर समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच्या आसपास उंच, इथे साधं पाणी १०० च्या जरा आधीच उकळतं. ते ढक्कन आत दाब धरून ठेवतं आणि उकळायचा बिंदू साधारण २० अंशांनी वर नेतं. त्याचं रबर चिरलं की दाब गेला, पाणी उकळून बाहेर. आणि आत बोरिंगचं पाणी भरत असाल तर आजपासून बंद, किटलीत जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं.

हे सगळं करूनही काटा चढला तर सकाळी थंड गाडीत ढक्कन उघडून इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत असतील किंवा ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं. मग मात्र गाडी चालवायची नाही, मिस्त्रीकडेच न्यायची, तीही ओढून.

घाटात काटा लाल झाला तर बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद न करता मिनिट-दोन मिनिटं तसंच चालू ठेवा, केबिनमधे हीटर असेल तर पूर्ण सोडा, घाम येईल पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. पाणी उसळून गेलं असेल तर मात्र बंदच करा. आणि ढक्कनाला अर्धा तास हात नाही. मी पंचविशीत सिमरोलच्या अलीकडे माझ्या जुन्या डिझेल जीपचं ढक्कन पोत्याचा तुकडा धरून उघडलं होतं, फार हुशार समजत होतो स्वतःला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, तीन आठवडे डाव्या हाताने पोहे खाल्ले. इंदूरच्या माणसाला याहून मोठी शिक्षा नाही.

काकांच्या न्यूट्रलबद्दल. ते मोठे आहेत, इतकी वर्षं गाडी चालवतायत, त्यामुळे तुम्ही सून म्हणून सांगायला कचरत असाल तर हे पत्रच त्यांना वाचायला द्या. काका, नमस्कार. उतारावर गियरमधे ठेवून ॲक्सिलेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनला फिरवतात, पंपाचा गव्हर्नर, म्हणजे किती डिझेल सोडायचं ते ठरवणारा भाग, डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमधे मात्र इंजिनला स्वतःला जिवंत राहायला आयडलिंगचं डिझेल लागतंच. म्हणजे वाचत तर काहीच नाही, उलट सगळं वजन ब्रेकवर. सतत दाबून ब्रेक तापतात, ड्रम फुगतात, पॅडल खाली खाली जातं. आणि ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत असतं. डॉट ३ चं नवं ऑइल २०५ अंशाला उकळतं पण ओलावा घेतल्यावर १४० च्या आसपासच. ऑइल उकळलं की पाईपमधे वाफ, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पाय तळाला टेकला तरी गाडी थांबत नाही. इंजिन बंद करून उतरत असाल तर आणखीच वाईट, कारण ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनच बनवतं, दोन-तीनदा दाबलं की संपला, मग पॅडल दगड. ज्या गियरमधे घाट चढतो त्याच गियरमधे उतरायचं, हे तुम्हाला तुमच्या उस्तादांनीही सांगितलं असेल. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं आठवत नसेल तर या आठवड्यात बदला, आणि पुढे दर दोन वर्षांनी.

बाकी किरकोळ. ऑइलची पट्टी रोज सकाळी, पण गाडी सपाट जागी असताना, रॅम्पवर बघितलीत तर चुकीचं दाखवेल. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) पिना ग्रीस करून घ्या, चिखलपाण्यातून आल्यावर तर नक्की. एअर फिल्टर झटकून परत लावायची सवय असेल तर सोडा, चढावर काळा धूर त्यामुळेही येतो. टायरची हवा माल भरायच्या आधी, टायर थंड असताना. आणि एक वही ठेवा, गाडी कुठे उभी होती, किती वेळात सुरू झाली, किती डिझेल टाकलं, तुम्ही उधारीची वही ठेवताच की, तशीच.

विकायचं म्हणाल तर आत्ता नाही. सकाळी सुरू न होणाऱ्या गाडीला भाव कोण देणार, आणि दिलाच तर तो घेणारा फट दुरुस्त करून दुप्पटीला विकेल. आधी ही कामं करा. मग गाडीखाली वाकून चेसिस बघा, मागचे पाटे जिथे टांगलेत तिथे टोचणीने खोदून बघा, लोखंड पापुद्र्यासारखं सुटत असेल किंवा वेल्डिंगची ठिगळं असतील तर तिला भेरूघाटात पाठवू नका, मग खुशाल विका, घेणाऱ्याला सांगून. चेसिस घट्ट असेल तर इंजिनचं काय, ते दुरुस्त होत राहतं. ८ वर्षांवरची मालवाहू गाडी, दरवर्षी फिटनेसला जातेच, त्याच वेळी हे बघून घेत चला.

मिस्त्रीकडे जाताना 'गाडी सुरू होत नाही' एवढंच सांगू नका. म्हणा, सेल्फ जोरात आहे, धूर येत नाही, हातपंप मारला की सुरू होते, टाकीपासून पंपापर्यंतचे सगळे रबरी पाईप आणि तांब्याचे वॉशर बदला आणि जुने मला परत द्या. जुने परत द्या हे जरा मोठ्याने म्हणा.

येत्या शनिवारपर्यंत पाईप बदलून झाले नाहीत तर शुक्रवारी रात्री गाडी रिव्हर्स घेऊन मागची चाकं रॅम्पवर चढवा, तोंड रस्त्याकडे, हँडब्रेक ओढून चाकाला ठोकळा लावा. सकाळी बहुतेक एका चावीत सुरू होईल. झाली की नाही ते कळवा.